जीप चकचकीत, टाकीत पाणी

विमानाचा आवाज अचानक बंद पडला, तशी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसलेल्या छायानं मान वर केली. कपाशीवर औषध फवारणारं ते पिवळं विमान दोनदा खोकलं, गप्प झालं आणि हेलकावे खात बोरगावच्या पडीक रानात उतरलं.

"चाल, पळ," ती धाकट्या भावाला, हेमंतला म्हणाली. दिवाळीच्या सुट्टीत असं रोज थोडंच घडतं!

दोघं पोचली तेव्हा वैमानिक दातेकाका कोपराचं रक्त पुसत उभे होते. फवारणी कंपनीचे सुपरवायझर मोरेश्वरसाहेब जीपमधून उतरले. त्यांनी वैमानिकाला पाणीही विचारलं नाही. छायाचे बाबा, उत्तम, कंपनीच्या पेट्रोलच्या पिंपांवर राखणदार होते; तेही धावत आले होते. साहेबांनी त्यांच्याकडेच बोट केलं.

"यानं पेट्रोल विकलं, म्हणून टाकी रिकामी झाली. उद्यापासून कामावर येऊ नको."

बाबांनी मान खाली घातली. टाकीत डोकावून न बघताच निकाल देणाऱ्या त्या माणसाकडे छाया किळसेनं बघत राहिली.

"साहेब, टाकी पाहिली का कोणी?"

"पोट्टे, तुले विमानातलं काय समजते?"

"विमानातलं नाही समजत. संत्र्याच्या बागेतलं इंजिन समजते. डिझेलात पाणी गेलं का तेही असंच खोकलते."

दातेकाकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. टाकीखालचा लहान नळ सोडून त्यांनी काचेची बाटली भरली. पेट्रोल भरपूर होतं, पण बाटलीच्या तळाशी पाण्याचा जाड थर होता.

"पेट्रोल गाळायचं मऊ कातडं कुठंय?" दातेकाकांनी विचारलं. "त्यातून पेट्रोल जातं, पाणी वरच अडतं."

"तेही या उत्तमनंच विकलं असंल," साहेब म्हणाले.

छायानं साहेबांच्या चकचकीत जीपकडे पाहिलं आणि ती हेमंतच्या कानाशी लागली. हेमंत शेणामातीचे पाय घेऊन थेट जीपच्या बॉनेटवर चढला.

"ए पोट्ट्या, उतर खाली!" साहेब धावले. सवयीनं त्यांचा हात सीटखाली गेला, एक मऊ कातडं निघालं आणि ते बॉनेट पुसू लागले.

दातेकाका त्या कातड्याकडे बघत पुढं झाले. साहेबांचा हात हळूहळू थांबला.

"मी दोनदा मागितलं," बाबा हळूच म्हणाले. "साहेब म्हणाले, तसंच ओत."

"तुमच्या जीपच्या चकाकीपायी मी आज मेलो असतो," दातेकाकांनी कातडं हिसकावलं. "कंपनीला हे आज मीच कळवतो. उत्तमराव, यापुढं टाकी तुमच्याच हातानं भरायची. आणि छाया, आमच्यातल्या एकालाही जे सुचलं नाही, ते तू विचारलंस. शाबास."

साहेब जीपमध्ये बसले. बॉनेटवर हेमंतच्या पायांचे दोन ठसे घेऊन जीप सौंसर गावाकडे गेली. पुसायला आता त्यांच्याजवळ काही नव्हतं.