नऊ दुपारी

मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकायचं होतं, एवढंच काम. दुरुस्तीवाला म्हणाला, "दोन घंट्यानं या ताई." मे महिना, अकोला, दुपारचे बारा. समोर जुनं टॉकीज, आणि टॉकीजवर ते पोस्टर. मी घरी काही सांगितलं नाही. तिकीट काढलं आणि आत जाऊन बसले.

ज्या कादंबऱ्यांवर तो सिनेमा काढला होता, त्या चारही मी अमरावतीला कॉलेजात असताना वाचल्या होत्या. एकेक तीन-तीनदा. रक्त पिणारा नायक आणि त्याच्यावर जीव लावणारी साधी मुलगी. मैत्रिणी हसायच्या. हसू देत. लग्नात मी साड्यांबरोबर ती चार पुस्तकं एका खोक्यात आणली. तीन महिने झाले, खोकं अजून आतल्या खोलीत दिवाणाखाली आहे. एक फळी ठोकून द्या म्हटलं, तर अश्विन, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "घरात जागा कुठं हाय?" सासूबाई म्हणाल्या, "घर तुयंच हाय पोरी, पण अश्विनले विचारून घे." मग मी विचारणं सोडून दिलं.

तर सिनेमा. हिंदीत डब केलेला. नायकाच्या केसांना एवढं तेल की शवपेटीत उशी खराब झाली असती. पुस्तकातल्या नायकाच्या कोटाला एक बटण नाही, ते शेवटपर्यंत सापडत नाही. इथं कोटच नव्हता, दंड होते. तेही मी सोसलं. पण पुढे तो प्रसंग आला, ज्यासाठी मी तिकीट काढलं होतं. पुस्तकात तो तिच्या दाराशी येतो आणि थांबतो. घरातल्यानं 'ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. नऊ रात्री तो बाहेर उभा राहतो. ती आत, तो बाहेर, मध्ये उघडं दार. मला त्या नऊ रात्री पाठ आहेत. आपल्याला कोणीतरी विचारावं आणि उत्तराची वाट बघावी, एवढंच त्यात आहे.

सिनेमात त्यानं खिडकीतून उडी मारली आणि गाणं सुरू झालं. पुढच्या रांगेतल्या चौघांनी शिट्या वाजवल्या.

"पुस्तकात तो बाहेर थांबतो," मी स्वतःशीच पुटपुटले.

"नऊ दिवस," मागून कोणीतरी म्हणालं.

"नऊ रात्री," मी वळून म्हणाले. चुकीचं सांगितलेलं मला सहन होत नाही.

मागे एक माणूस बसला होता. डोक्यापासून गळ्यापर्यंत पांढरा दुपट्टा, काळा गॉगल, हातमोजे. यात घाबरण्यासारखं काही नाही. मे महिन्यात अकोल्यात बाहेर पडलेला प्रत्येक माणूस असाच दिसतो. मीही तशीच आले होते. फक्त त्यानं अंधारातही काही काढलं नव्हतं.

"रात्र नव्हती ती," तो हळू म्हणाला. "भर दुपार. लिहिणारीनं बदललं. रात्री लोक सावध असतात... दुपारी दारं उघडी असतात."

टॉकीजचे पंखे गरम हवा फेकत होते, पण त्याच्या बाजूनं गारवा येत होता. नव्या माठासारखा वास, ओल्या मातीचा. खरं सांगते, बरं वाटलं. पुस्तक वाचलेला माणूस मला तीन महिन्यांत पहिल्यांदा भेटला होता.

सिनेमा सुटल्यावर पायरीवर तो बाजूला उभा राहिला, मला आधी जाऊ दिलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "या कधी घरी, चहाले." आपल्याकडे असं म्हणतातच. बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही म्हणतात. कोणी येत नाही.

तो थांबला. "कुठं?"

"पाण्याच्या टाकीमागं. शेवटून दुसरं घर."

"तुमचंच आहे ना?"

दारावरची पाटी माझ्या डोळ्यांसमोर आली. वर 'देवराव इंगळे', माझे वारलेले सासरे. खाली 'अश्विन देवराव इंगळे'. तिसऱ्या ओळीची जागाच ठेवलेली नव्हती.

"हो," मी म्हणाले. "माझंच."

चौथ्या दिवशी तो आला. दुपारचा एक वाजला होता. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. कूलरची घरघर चालू होती आणि दार उघडं होतं. मी मान वर केली तर उंबऱ्यापलीकडे तो उभा. सावली त्याची पडली होती की नव्हती, ते बघायचं मला सुचलं नाही.

"येऊ?" त्यानं विचारलं.

आमच्या घरात भुतंखेतं कोणी मानत नाही. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या आहेत. तरी नाही म्हणायला हवं होतं... पण बोलावणं तर मीच देऊन बसले होते.

त्यानं पाय उचलला. पाय उंबऱ्यावर आला आणि हवेतच अडला, काचेला टेकावा तसा. त्यानं मागे घेतला. पुन्हा उचलला. पुन्हा तेच.

"तुम्ही तर म्हणाला होतात," तो म्हणाला, "तुमचंच घर."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कीव होती. मी बचावले होते, मला आनंद व्हायला हवा होता. लाज वाटली.

"कोण हाय वं?" सासूबाई हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. "पाहुणे? अन् उनात उभे केले काहून? या जी, या आत."

पाय उचलला. अडला.

"अवो या ना, लाजता काहून? घर आपलंच हाय."

पाय तिसऱ्यांदा अडला. त्यानं सासूबाईंकडे बघितलं. "किती वर्षं झाली तुम्हाला इथं?"

"चौतीस."

"चौतीस," तो म्हणाला आणि मान हलवली.

सासूबाईंनी कुठलंच पुस्तक वाचलेलं नाही. पण तो हवेतला पाय त्यांनी नीट बघितला. या भिंती बांधल्या तेव्हा सासऱ्यांची ड्युटी बाहेरगावी होती. सासूबाईंनी एकटीनं, पोटात अश्विन असताना, एकवीस दिवस भिंतींवर पाणी मारलं. हे त्यांनी मला दहादा सांगितलं आहे. त्यांचा हात पदरातच राहिला.

तेवढ्यात मोटरसायकल आली. अश्विनचं बी-बियाण्याचं दुकान आहे, जेवायला तो घरी येतो. स्टँड लावता लावता, वर न बघताच तो म्हणाला, "काहून भाऊ, बाहेर काहून उभे? या ना. आपलंच घर हाय."

काच नव्हतीच जणू. पाय सरळ आत पडला.

मी चहा ठेवला. बैठकीतून दोघांचा आवाज येत होता, कपाशीच्या बियाण्याबद्दल, पावसाबद्दल. मग आवाज बंद झाला. मी ट्रे घेऊन गेले तर अश्विन खुर्चीत झोपलेला, तोंड उघडं, ओठ पांढरे. दुसरी खुर्ची रिकामी. पाहुण्याला जाताना आम्ही दोघींनीही पाहिलं नाही. त्याच्या चपला मात्र दाराशी तशाच होत्या. मी त्या उचलायला वाकले.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "हात नको लावू."

त्यानंतर अश्विन दुपारचं जेवेना. घरात गॉगल काढेना. डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलं. मी रात्री पुस्तक काढून त्या नऊ रात्रींचं प्रकरण पुन्हा वाचलं. बाहेर थांबलेल्याचं त्यात सगळं आहे. आत आल्यावर त्या घराचं काय होतं, ते लिहिणारीनं लिहिलेलं नाही.

काल नववी दुपार. सासूबाई ताटं वाढत होत्या. मोटरसायकल आली, थांबली. दार सताड उघडं. अश्विन उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथंच उभा राहिला, दुपट्टा गुंडाळलेला, हात लोंबते.

"या ना आत," असं मी म्हणणार होते. रोज म्हणते, तोवर तो आत आलेला असतो. पण त्याचा एक पाय वर उचललेला दिसला. हवेत.

"पौर्णिमा," त्यानं मला नावानं हाक मारली. "ये म्हण ना..."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे. आमचा शब्द चालतो की नाही, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. आणि आता चालत असेल तर? हा विचारही दोघींच्या मनात एकदमच आला असावा. सासूबाईंनी हातातला डाव खाली ठेवला.

"आई... ये म्हण ना कोणी."

कूलर बंद होता, लाइट गेली होती. तरी पाठीवर गारवा आला. नव्या माठाचा वास. आणि आतल्या खोलीतून, जिथं दिवाणाखाली माझं खोकं आहे आणि दुसरं कोणीच नव्हतं, एक आवाज आला, घरच्या माणसाच्या सहजतेनं,

"या ना भाऊ, बाहेर काहून उभे? आपलंच घर हाय."

अश्विनचा पाय अलगद आत पडला.