तिसऱ्यांची बंदी कोण उठवतंय?

“बंदी परत उठली!” ओडील किंचाळली.

किनारारक्षक मिस्टर पिंकहॅम यांची कॉफी टेबलावर सांडली. “अशक्य! काल संध्याकाळी गावाच्या वेबपानावर मी स्वतः ‘बंद’ लिहिलं. परवासुद्धा!”

“आणि आज पाहा! ‘तिसऱ्या काढायला किनारा खुला’!”

अमेरिकेतल्या मेनच्या त्या किनाऱ्यावर समुद्राला लाली चढली की तिसऱ्यांत, म्हणजे चिखलातल्या शिंपल्यांत, विष उतरतं. शिजवलं तरी न जाणारं! आणि ओहोटी लागली होती. ओडीलचे आजोबा बादली घेऊन चिखलात उतरलेसुद्धा!

त्यांना थांबवायला गेलेला तिचा धाकटा भाऊ एमरी धापा टाकत परतला. “ऐकतच नाहीत गं! मोबाइल नाचवून म्हणाले, ‘पानावर खुला लिहिलंय, दीडशहाण्या!’ अजून वीस जण आहेत तिथे!”

“कुणीतरी घुसलंय कॉम्प्युटरात!” पिंकहॅम गरजले. “पोलिसांना बोलावतो!”

“थांबा, आधी पानाच्या पोटात तर बघू.” ओडीलने पानामागचा सोर्स कोड उघडला. चिन्हांचं नुसतं जंगल! पण पहिलीच ओळ साधी होती: ‘हे पान आपोआप बनतं. इथे बदल करू नका. मूळ फाइल लायब्ररीत.’

तिघांनी ती ओळ पुन्हा वाचली.

“चोर नाहीच!” ओडील पुटपुटली. “रोज पहाटे मूळ फाइलीतून नवं पान बनतं. तुमचं ‘बंद’ पुसलं जातं!”

“म्हणजे केकवरचं नाव बदललं,” एमरी म्हणाला, “पण बेकरीच्या वहीत जुनंच!”

तिघं रस्ता ओलांडून लायब्ररीत धडकले.

“फाइल? माझ्याकडेच आहे की!” ग्रंथपाल मिसेस थिबोडो चकित झाल्या. “पण बदल कुणी सांगितलाच नाही मला!”

ओडीलने फाइलीत ‘बंद’ लिहिलं, मिसेस थिबोडोंनी बटण दाबलं. पानावर लाल अक्षरांत ‘बंद’ झळकलं!

“पान परत उघडा!” एमरी ओरडत किनाऱ्यावर धावला. मोबाइल निघाले. चेहरे पांढरे पडले. धडाधड बादल्या उपड्या झाल्या.

मागोमाग आलेल्या पिंकहॅमनी टोपी काढली. “शाब्बास, पोरांनो! दोन वर्षं ते पान बदलतोय मी. पहिली ओळ एकदाही वाचली नाही.”

“दोन वर्षं?” आजोबा दचकले. “म्हणजे गेल्या उन्हाळ्यातही बंदी होती?”

“होती.”

“अरे देवा! तेव्हा तिसऱ्या खाऊन रात्रभर माझे ओठ बधिर होते! पोरांनो, मी तुमच्या आजीच्या झणझणीत सॉसला बोल लावला. बाटली खिडकीतून फेकली!”

चिखलाचे हात त्यांनी पँटला पुसले.

“चला रे, दोघंही चला माझ्याबरोबर. एकट्याने तिची माफी मागायची हिंमत नाही माझी.”