दुसऱ्यांदा गाळलेले पाणी

सन दोन हजार बावीस, ऑक्टोबर महिना. पावसाळा सरून दिवस आखूड होऊ लागला होता. कुंडलला आमच्या घरामागे आड आहे. आम्हां जैनांच्या रीतीप्रमाणे पाणी दुहेरी कापडातून गाळावयाचे आणि कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव धुऊन त्याच आडात सोडावयाचे. सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य. पन्नास वर्षे हे मी बिनचूक केले.

त्या सायंकाळी आडावरून येऊन जेवावयास बसले, तोच पाठीमागून कोणी हलकेच विचारले, "नीट गाळलंस का?"

आवाज माझाच होता. ओल्या कापडाचा वास आला. मी उठले, पुन्हा गाळले, पुन्हा आडाशी गेले. परतले, तर पुन्हा तेच. सूर्य मावळला आणि ताट तसेच राहिले.

मग हे रोजचेच झाले. दिवाळीपर्यंत चोळी अंगावर लोंबू लागली. आवाज आता अधिकही बोले. एवढे साधे काम जमत नाही, मग जगतेस कशाला, असे विचारी. मला ते पटे.

सून कीर्ती मला सांगलीला डॉक्टरांकडे घेऊन गेली. असेच महिनाभर चालले तर अंथरूण धराल, असे त्यांनी बजावले. शंका आली तर येऊ द्यावी, तिच्याशी वाद घालू नये आणि तिच्या सांगण्यावरून उठू नये, एवढेच पथ्य.

परतताना एसटीत कीर्ती म्हणाली, "आत्ती, चहात साखर कमी पडली तर आमाला आठ दिवस ऐकवता. आता सोताचं ऐकून घ्या की."

डिसेंबरात एके दिवशी मी पानावर बसले. ऊन अजून भिंतीवर होते.

"नीट गाळलंस का?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. प्रश्न पुन्हा आला, अगदी कानाशी.

"नसेल गाळलं," मी म्हणाले. "मी जेवते आहे."

मी घास तोंडात घातला. मग हळूच, "मग... मी बसू का? उभं राहून पाय भरून आलेत गं..."

मी थोडी सरकले. शेवटच्या घासापर्यंत जेवले. तो आवाज पुन्हा आला नाही.

तेवढ्यात कीर्ती ताकाचे भांडे घेऊन आली. उंबऱ्यात थबकली. मग पदर अंगाशी गच्च आवळून, भिंतीला पाठ घासत, माझ्याशेजारच्या मोकळ्या जागेला वळसा घालून आली. भांडे ठेवताना तिने त्या बाजूला पाहिले नाही.

मी ताक ओतून प्याले. तो रविवार, अकरा डिसेंबर. माझ्यापुरता हा विषय त्या दिवशी मिटला.