वळणावर हॉर्न नको

तुम्ही उद्या याच रस्त्यानं नगरला जाणार, म्हणून सांगते. भाळवणीच्या अलीकडे एक लांब वळण लागेल. तिथं हॉर्न वाजवू नका. पाटीबिटी काही नाही, पण आमच्याकडचे दूधवाले, एसटीवाले, सगळे तिथं हात आवरतात. का ते विचारलं तर म्हणतात, पहिल्यापासून तसंच आहे.

मी विजयमाला. शाळेची व्हॅन चालवते, आणि माझा हात हॉर्नवर जरा जास्तच असतो. पोरं मला 'पोंपों मावशी' म्हणतात ती उगीच नाही.

गेल्या मे महिन्यात माझ्या भावाची, अंगदची बायको सविता गावातच बाळंत झाली. मुलगी झाली. पेढ्यांचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात सविताच्या अंगावरून एकाएकी इतकं जायला लागलं की ॲम्ब्युलन्स तिला आणि अंगदला घेऊन तशीच नगरला पळाली. बाळ आमच्याकडे राहिलं, आणि बाळ काही घेईना. चमच्यानं घातलेलं सगळं ओघळून जायचं. दुपार होईतो तिचं रडणंही बंद पडलं. नर्सताई म्हणाल्या, "आता थांबू नका, हिलाही न्या." मी व्हॅन काढली. मागच्या सीटवर बाळाला पदराखाली घेऊन सविताची आजी बसली, केशरबाई.

ऊन मी म्हणत होतं. तापलेल्या डांबराचा वास नाकात बसला होता आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तुम्ही म्हणाल, असलं काही रात्री घडतं. आमच्याकडची म्हातारी माणसं भर दुपारीही लेकरांना बाहेर सोडत नाहीत, ती काय वेडी आहेत?

पुढं तेवढा एक कडब्याचा ट्रॅक्टर रांगत होता. वळण आलंय हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

"आगं नको!" केशरबाई ओरडल्या. "लेकरं निजल्यात!"

"कुठली लेकरं, आजी?"

ट्रॅक्टर शेतात वळला. रस्ता मोकळा झाला. मग केशरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात ह्यो रस्ता आमी केला. आदी नुसती गाडीवाट हुती. बाया खडी फोडायच्या, अन् ह्या बाभळींना लेकरांच्या झोळ्याच झोळ्या. मी पोरसवदा, झोके द्यायला बसायची… छबूबाई म्हनून एक हुती. पोटात अन्न न्हाई, दूध आटल्यालं. तिचं लेकरू झोळीतच गेलं. तिला कोन सांगनार? ती येईल त्या ट्रकला आडवी व्हायची. म्हनायची, हॉर्न नका वाजवू, माझं आत्ताच निजलंय…"

"मग?"

"मग काय… एका ट्रकवाल्याला ती दिसलीच न्हाई."

पुढं त्या रस्त्यावर डांबर पडलं, पांढरे पट्टे आले, पाटीवरचा नंबर बदलला. वळण मात्र कुणी सरळ केलं नाही.

एवढं बोलणं होतंय तोवर व्हॅननं दम सोडला. इंजिन उकळलं, वाफ यायला लागली. वळणाच्या ऐन मधोमध. मी व्हॅनला आणि स्वतःला दोन शिव्या घातल्या, आजींना बाभळीच्या सावलीत बसवलं आणि कॅन घेऊन जवळच्या मळ्यातल्या टाकीकडे पळाले.

पाणी भरत होते तेव्हा मागून आवाज आला. टक्… टक्… दगडावर हातोडी. वळून पाहिलं की थांबायचा. पाठ केली की पुन्हा… टक्…

धावत परत आले. केशरबाई बुंध्याला टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. मांडी रिकामी.

पलीकडच्या बाभळीखाली एक बाई पाठमोरी बसली होती. नऊवारी लुगडं, हात कोपरापर्यंत खडीच्या भुकटीनं पांढरे. ती संथ डुलत होती, आणि तिच्या पदराखालून आवाज येत होता. लेकरू लुचतं ना, तो.

"बाळ… द्या आमचं," मी म्हणाले.

तिनं मान वळवली नाही. "थांब जरा… पोट भरू दे."

धावून हिसकावून घ्यावं असं वाटत होतं. पण जन्मल्यापासून थेंबही न घेतलेलं आमचं लेकरू पीत होतं. मी थांबले.

आवाज बंद झाला. माझी पापणी लवली असेल तेवढंच. बाभळीखाली कुणी नव्हतं, आणि बाळ केशरबाईंच्या मांडीवर होतं.

"डोळा लागला व्हय गं माजा?" त्या दचकून म्हणाल्या.

मी दोघींना व्हॅनमध्ये बसवलं. पाणी ओतलं, व्हॅन चालू केली आणि नगरच्या गर्दीतसुद्धा हॉर्नला बोट लावलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला उलटंसुलटं करून तपासलं. "कोण म्हणालं ही काही घेत नाही? पोट कसं टम्म आहे! हिला काही होत नाही आता." तेवढ्यात अंगद आला. सविता शुद्धीवर आली होती आणि पहिल्यांदा मुलगीच मागत होती. मी तिथंच बाकावर बसून ढसाढसा रडले. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बाळ गाढ झोपलं होतं. ओठाच्या कडेला दुधाचा एक थेंब आला. डॉक्टरीणबाईंनी तो कापसानं टिपला. पुन्हा आला. पुन्हा टिपला.

"ओकतेय थोडंसं," त्या म्हणाल्या.

पण ओकणारं लेकरू गिळत नाही. आमचं गिळत होतं… गुटूगुटू, समाधानानं, आणि तिला पाजणारं आमच्यातलं कुणीच तिच्याजवळ नव्हतं.