भागूबाईंनी एकदाच सांगितलं

लासूर स्टेशनला बसमधून उतरले आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "भागूबाईंच्या वस्तीवर सोडा." मागून आवाज आला, "मलाही तिथंच जायचंय..." वळून पाहिलं. उंच, सावळा, काखेत फाईल, आणि असं काही हसत होता की मला उगाचच राग आला.

तो बन्सी. बालकल्याण समितीकडून आलेला. मी बाल न्याय मंडळासाठी अहवाल लिहिते. पंधरा वर्षांच्या सखूचं कोकरू चुलत्यानं परस्पर विकलं, तिनं ते भरबाजारातून परत उचलून आणलं, म्हणून आमच्याकडे चोरीची फाईल. आईबाप नाहीत, म्हणून त्यांच्याकडे दुसरी. एकाच इमारतीत दोन मजले, पण फायलींची भेट कधी झालीच नव्हती. आमच्या फायलीत लिहिलेलं, 'पालक कोणी नाही'; आजी आहे, हे मला सखूकडूनच कळलेलं. त्यामुळे पोरगी महिनाभर निरीक्षणगृहात अडकलेली. गुरुवारी निकाल.

आजी भागूबाई आम्हाला बघून वैतागल्याच.

"पाच डाव येगयेगळ्या सायबांना सांगितलं, पोरगी माझ्यापाशी ऱ्हाती. आता एकदाच सांगते, दोघं मिळून एकाच कागदावर लिवा. नाय तर पाणी प्या अन् निघा."

मुकाट्यानं एका घोंगडीवर बसलो. कागद त्याचा, पेन माझं.

"अक्षर छान आहे तुमचं," तो पुटपुटला.

"त्या काय सांगतायत ते ऐका. अक्षर नका बघू."

"अक्षरच बघतोय, असं कुठं म्हणालो..."

माझे कान तापले.

"तू लिव पोरी," भागूबाई म्हणाल्या. "त्याला काय, नंतरबी बघता येतंय."

ऑफिसात साहेब म्हणाले, दोन सह्यांच्या अहवालाचा नमुनाच नाही. मी भांडले. "नमुना नाही साहेब, पण आजी आहे."

गुरुवारी मंडळानं विचारलं, "सांभाळाल का नातीला?"

"मंग आजवर कोण सांभाळत व्हतं?" भागूबाई म्हणाल्या.

सखू आजीचा पदर धरून बाहेर आली, तेव्हा मला रडूच फुटलं. बन्सीनं रुमाल पुढं केला.

"फाईल बंद होईल आता. मग तुम्हाला फोन कशासाठी करू?"

"त्याला कारण लागतंय व्हय?" मी भागूबाईंच्याच सुरात विचारलं.

तो सरळच म्हणाला, "मला आवडता तुम्ही... लई. लग्न कराल माझ्याशी?"

साहेबांशी भांडणारी मी, त्याच्या रुमालाची घडी घालत राहिले.

"ओ मॅडम," सखू फाटकातून म्हणाली, "हो म्हणा की. आमची बस जाईल."

मी हो म्हणाले, आणि आम्ही चौघं स्टँडकडे निघालो.