वनाच्या घागरीतले बारा गाईड

हे मी स्वतः पाहिलं आहे. ऐकीव एक शब्दही नाही. लिहायला मी पन्नाशीनंतर शिकलो, पण हे कागदावर यायला आणखी तीस वर्षं गेली.

सन १९४४. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. धुळ्यात पांझरेकाठचं आमचं घर. आणि वेळ भर दुपारची...

माझा थोरला भाऊ हिलाल प्रवाशांची सर्व्हिस मोटार चालवायचा. मी त्याचा क्लीनर. गाडी निळा धूर ओकत होती. इंजिनच्या हेडमधले, म्हणजे वरच्या लोखंडी झाकणातले, गाईड झिजले होते. गाईड म्हणजे बोटाएवढ्या लोखंडी नळ्या, त्यांतून वॉल्व्ह वरखाली सरकतो. लढाईमुळे नवे मिळत नव्हते.

हिलालनं जुने बारा आणले. वनाच्या मोडक्या लॉरीतले.

वना आमचा चुलतभाऊ, आमच्याच घरात राहणारा. एकाच रस्त्यावर दोघांच्या गाड्या, म्हणून दोघांचं वाकडं. तीन महिन्यांपूर्वी लळिंगच्या घाटात त्याची लॉरी उलटली. आम्हीच पहिले पोचलो.

वना खाली अडकला होता. जिवंत होता.

पाणी मागत होता.

पाण्याचा डबा माझ्या हातात होता. हिलालनं हात पुढे केला... मी दिला. त्यानं सगळं पाणी आमच्या उकळत्या रेडिएटरमध्ये ओतलं. "मदत लई येतस," म्हणाला, आणि आम्ही मदत आणायला निघालो.

परत आलो तेव्हा वना गेला होता. घरी सांगितलं, आम्ही पोचायच्या आधीच गेला.

त्या आखाजीला वनाच्या आईनं, भिकुबाई काकीनं, त्याच्या नावाची पहिली घागर भरून पुजली होती. आमच्याकडे त्या दिवशी मेलेल्याला घागरीचं पाणी पोचतं.

हिलालनं अंगणात तीन दगडांवर हेड ठेवलं, खाली गोवऱ्या पेटवल्या.

"हिलाल, आज आखाजी शे. अवजारले हात नको लावजो," काकी म्हणाली.

"मंग सकाय वरात कोन नेई, काकी? तुन्ही बैलगाडी?"

काकी आत वळली. माजघरात जाऊन आडवी झाली.

हेड तापवायचं आणि गाईड गार करायचे, म्हणजे ते घट्ट बसतात. घरात सगळ्यात गार पाणी त्या घागरीतच होतं.

"टाक गाईड तेम्हा," हिलाल म्हणाला.

"भाऊ, ती वनानी घागर शे..."

"वना काय पानी पेवाले येई?" तो हसला.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि बाराच्या बारा गाईड घागरीत सोडले.

बाहेर आलो. गल्लीत पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या.

अचानक गाणी थांबली.

आणि आतून आवाज आला... घट... घट... घट...

कुणीतरी पाणी पीत होतं. फार दिवसांचा तहानलेला माणूस पितो तसं.

आत धावलो. कुणी नव्हतं. घागर रिकामी. खालची जमीन कोरडी. तळाशी बारा गाईड, कोरडे ठणठणीत... आणि हात पोळेल इतके गार.

"घागर फुटनी व्हई. आन लवकर," हिलाल ओरडला.

पण त्याचा चेहरा उतरला होता.

गाईड ठोकून बसवायला पितळी दांडी घेतली होती. ती लागलीच नाही. भोकाशी टेकवला की गाईड सर्रकन आत जायचा. आतून कुणी ओढून घ्यावा तसा.

हेड परत इंजिनवर चढवून चारला हँडल मारलं. पहिल्या फेऱ्यात इंजिन चालू. धूर नाही, खडखड नाही.

"पारोळाना रस्तावर फेरी मारूत, चढ," हिलाल म्हणाला.

मी चढायला गेलो. माझा पाय उचललाच नाही...

तो एकटाच गेला.

दिवस मावळायच्या आत लोक सांगत आले आणि मी त्यांच्यासोबत धावलो. गाडी पारोळ्याच्या रस्त्यावर नव्हती. ती दुसऱ्याच दिशेला, लळिंगच्या घाटात उभी होती. इंजिन चालू. हिलाल सीटवर बसलेला. ओठ फाटलेले, जीभ काळी पडलेली. शेजारी पाण्याचे दोन डबे, काठोकाठ भरलेले.

डॉक्टरांनी ऊन लागलं असं लिहिलं.

काकी रडली नाही. हिलालला घरी आणलं तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली.

"वना घर उना व्हता दुपारले," ती हळूच म्हणाली. "बठ्ठं सांगं त्यानी माले."

सगळंच सांगितलं होतं... मी मान वर केली नाही.

"तुन्हं बी नाव लिधं त्यानी."

पुढे काय म्हणाला, ते मी विचारलं नाही. काकीनंही मरेपर्यंत सांगितलं नाही.

आज मी ऐंशी ओलांडलेला माणूस आहे. आखाजीला मी घरात एकटा थांबत नाही.