भाकरीत गुंडाळलेली दोन अंडी

आकांक्षाच्या हातून अंडं निसटलं ते घरंगळत थेट हरिओमच्या चपलेपाशी जाऊन थांबलं, आणि सगळी भानगड तिथून सुरू झाली.

तीर्थपुरीच्या स्टँडवर साहेबरावाची चहाची टपरी आहे. सकाळी तिथं उकडलेली अंडीही मिळतात. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल आणि टपरीच्या मागची बाजू, एवढा बंदोबस्त करून ही कुंभार पिंपळगावची मास्तरीण तीर्थपुरीच्या शाळेत जाण्याआधी तिथं उभी राहायची. बंदोबस्त लागणारच ना! वडील रामप्रसाद गावच्या हरिनाम सप्ताहाचे कर्तेधर्ते. घर माळकरी, अंड्याचं नावसुद्धा तिथं कुणी काढत नसे.

"मॅडम, तुमचं अंडं पळून चाल्लं."

तिनं वर पाहिलं आणि स्कार्फ नाकावर ओढला. हा तर गावचाच. सप्ताहात पखवाज वाजवणारा, इथं ठिबक सिंचनाचं दुकान असलेला हरिओम. गळ्यात तुळशीची माळ, हातात चहा, ओठांत दाबलेलं हसू...

"दुसरं घ्या. सोलून देऊ का?"

"तुम्ही? तुमच्या गळ्यात तर माळ—"

"माळ गळ्यात हाय, बोटांत न्हाई." त्यानं खरंच दुसरं अंडं उचललं. "आणि रामप्रसादकाकांची पोरगी स्कार्फातून अंडं कसं खाती, तेबी बघायचंय मला."

ओळखलं होतं मेल्यानं. तिचे कान तापले. "कुणाला सांगू नका."

"मी कायले सांगू? पण हातांला काय झालं तुमच्या?"

इथं खरं सांगून टाकायचं की नाही? पण बाईसाहेब म्हणाल्या, "नेलपॉलिश खराब होतं."

"अस्सं. मंग राणीसाहेब म्हणा की!"

खरी गोष्ट अशी होती, की सकाळी तिची बोटं वळतच नसत. संधिवाताचा आजार, तोही म्हाताऱ्या माणसांचा नव्हे. तिचंच अंग तिच्या सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर उठलं होतं. दहा वाजेस्तोवर बोटं काकडीसारखी ताठ, मग हळूहळू उघडायची. वर्षभरात ती वाळून गेली होती. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी दोन महिने अंडं बंद करून पाहिलं, मग सुरू करून पाहिलं. "काहींना सोसत नाही, तुला सोसतंय. खात जा," म्हणाल्या. आजार आईवडिलांना ठाऊक होता, अंडं नव्हतं. आणि आई साळूबाईंनी बजावलं होतं, "सोयरीक जुळेपर्यंत आजाराचा शब्द तोंडातून काढायचा न्हाई."

म्हणजे लाज दुहेरी. घरात अंड्याची, बाहेर बोटांची.

हरिओम मात्र रोज सोलून द्यायचा आणि नंतर तीनतीनदा साबणानं हात धुवायचा. तो टवकेही न उडवता अंडं गुळगुळीत सोलायचा, त्यावर मीठ भुरभुरायचा, आणि ते तिच्या तळव्यावर ठेवताना त्याची बोटं क्षणभर... जास्तच रेंगाळायची. तिला ते आवडायचं, आणि आवडलं की अजूनच लाज वाटायची. हा माणूस नेलपॉलिशवाल्या राणीसाहेबांवर जीव लावून बसलाय. अशा कुचकामी हातांच्या पोरीला त्यानं पाहिलंय कुठं?

"घरच्यांना तुमच्याकडं पाठवू का?" एकदा त्यानं चहाच्या पेल्यात बघत विचारलं.

"सप्ताह होऊ द्या," ती म्हणाली. तेवढीच सुटका.

सप्ताह बसला. शेवटचा, काल्याचा दिवस रविवारचा आला. सकाळीच देवळाजवळच्या नळावर हरिओमनं तिच्या हातात एक फडकं कोंबलं.

"आज शाळा न्हाई, मंग टपरी कुठली? गाडीवर जाऊन घेऊन आलो. सोललेली हायेत. कुणाला शंका नको म्हणून भाकरीत गुंडाळली."

तिनं ते फडकं स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलं आणि अंघोळीला गेली. त्या गावात काल्याच्या पंगतीला घरोघरच्या भाकरी जातात. पोरं टोपलं घेऊन दारात आली. साळूबाईंनी आपल्या भाकरी दिल्या, आणि फळीवर अजून एक बांधलेली दिसली म्हणून तीही टोपल्यात टाकली. आकांक्षा केस पुसत आली तेव्हा फळी रिकामी होती.

ती देवळात पळाली, पण पंगत बसली होती. शेजारच्या चांगुणाबाई भाकरी वाढत होत्या. त्यांनी ते फडकं सोडलं, भाकर उचलली, आणि दोन पांढरीशुभ्र अंडी रामप्रसादांच्या पत्रावळीपाशी घरंगळली.

पंगतीतले हात पत्रावळीवरच थांबले.

"कोणाच्या घरची भाकर ही?" रामप्रसादांनी विचारलं.

आकांक्षा खांबाला धरून उभी राहिली. बायकांत बसलेल्या आईनं तिच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"माझी हाय." पखवाजापाशी बसलेला हरिओम उभा राहिला. "फडकं माझं हाय, भाकरबी माझी."

"माळकरी ना रे तू?"

"हो, काका."

"मंग माळ काढून ठेव. पखवाजाला हात लावायचा न्हाई."

त्यानं तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याचा हात गळ्याकडे गेला. आणि आकांक्षाला आपल्या गप्प बसण्याची जेवढी लाज वाटली, तेवढी आजवर कशाचीच वाटली नव्हती.

"बाबा, थांबा." ती पंगतीत पुढे आली. "अंडी माझी हायेत. डॉक्टरीणबाईंनी खायला सांगितलीत. मला सांध्यांचा आजार हाय, बरा न होणारा. सकाळी माझी बोटं उघडत न्हाईत म्हणून ते सोलून देतेत. त्यांनी कधी तोंडाला लावली न्हाईत."

तिनं आपले सुजलेले हात पुढे केले. सगळ्या गावापुढे, आणि त्याच्यापुढेही.

रामप्रसादांनी त्या हातांकडे पाहिलं. मग वाकून त्यांनी ती दोन्ही अंडी स्वतःच्या हातानं उचलली, फडक्यात बांधली आणि लेकीला दिली.

"घरी जाऊन खाय. औषध वाया घालू न्हाई." मग हरिओमकडे न बघता म्हणाले, "बस पखवाजाला. चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी ती टपरीवर आली ती स्कार्फाशिवाय. हरिओम अंडं सोलत होता, नेहमीपेक्षा सावकाश.

"मला का न्हाई सांगितलं?"

"लाज वाटायची."

"माझी?"

"हातांची... तुम्ही राणीसाहेब म्हणायचे ना."

"आणि मी त्या नेलपॉलिशला शिव्या घालीत होतो चार महिने." त्यानं अंडं तिच्या तळव्यावर ठेवलं आणि या वेळी हात काढलाच नाही. साहेबराव भला माणूस, तो तिकडे तोंड करून पेले विसळू लागला.

"हा आजार जाणारा न्हाई," ती म्हणाली. "गोळ्या जन्मभर. एखाद्या सकाळी वेणीसुद्धा घालता येणार न्हाई मला."

"पखवाज शिकायला चार वर्षं लागली. वेणीला किती लागतील?"

ती हसली, आणि डोळे भरून आले म्हणून खाली बघू लागली.

"रविवारी घरच्यांना घेऊन या," ती म्हणाली. "पण दुपारी या. सकाळी चहाचा ट्रे धरता येत न्हाई मला."

"मंग सकाळीच येतो," हरिओम म्हणाला. "ट्रे मी धरीन."